कवितेवरचे चित्र दोन तासांत उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी भाषा गौरव दिनाच्या, म्हणजे 27 फेब्रुवारीच्या, आगेमागे सातारा जिल्ह्यात शाळा, वाचनालये आणि मंडळे ‘कवितेवरून चित्र’, ‘कथेवरून चित्र’ अशा स्पर्धा घेतात. ही प्रथा चांगली आहे आणि ती वाढावी असे आम्हाला मनापासून वाटते. म्हणूनच हे पत्र. या स्पर्धांच्या पत्रकांत बहुधा तीच तीन कलमे असतात: मजकूर जागेवर दिला जाईल, वेळ दोन तास, आणि चित्रावर संपूर्ण कविता सुवाच्य अक्षरांत लिहावी. या कलमांतून तयार होणारी चित्रे कवितेची नसतात, कवितेतल्या नामांची असतात. डोंगर आला की डोंगर काढायचा, आई आली की आई, पाऊस आला की तिरक्या रेघा. मुलांच्या हातात कसब नाही म्हणून हे होत नाही. वाचायला वेळच ठेवलेला नसतो म्हणून होते.

चित्रासाठी वाचायचे म्हणजे काय करायचे, ते एका मजकुरावरून सांगतो. हा मजकूर केवळ उदाहरणासाठी रचलेला आहे: ‘शेवटची एसटी घाट उतरून गेली. तिचा आवाज विरेपर्यंत आजी चुलीपुढे बसून ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली.’

दोन तासांच्या स्पर्धेत यावर निघणारे चित्र आधीच सांगता येते. मागे घाटाची नागमोडी वाट, तिच्यावर लाल एसटी, पुढे कौलारू घर, दारात आजी, बाजूला चूल, वर चंद्र. सगळे आले आणि मजकूर निसटला. एसटी दिसत नाही, ती फक्त ऐकू येते. म्हणजे ती काढायचीच नाही. आजी दारात उभी नाही, चुलीपुढे बसली आहे. डोळ्यांना दिसणारी हालचाल एकच, तव्यावर करपत चाललेल्या भाकरीची. आणि ज्याच्यासाठी हे सगळे घडते ते माणूस या तीन वाक्यांत कुठेच नाही, ते एसटीत बसून गेले. कोण गेले हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही, तेव्हा चित्र काढणाऱ्यानेही सांगू नये. पण त्या माणसाची जागा रिकामी ठेवता येते: भिंतीशी टेकवून ठेवलेला दुसरा पाट, धुऊन पालथे घातलेले ताट, नुसतीच खुंटी.

वाचन तीनदा करावे. पहिले मोठ्याने, हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात नामांखाली नव्हे तर क्रियापदांखाली रेघ ओढावी. वरच्या मजकुरात ‘उतरून गेली’, ‘विरेपर्यंत’, ‘ऐकत राहिली’, ‘राहून गेली’ अशा रेघा पडतील. शेवटच्या क्रियापदात राहणे आणि जाणे दोन्ही आहेत, आणि सगळा मजकूर त्याच्यावर तोललेला आहे. ते कागदावर कसे आणायचे एवढाच खरा प्रश्न उरतो. वही भरून टिपणे काढली तरी नामांखालच्या रेघांतून हा प्रश्न सापडत नाही.

तिसरे वाचन चार उत्तरे लिहून काढण्यासाठी. प्रकाश कुठून येतो? बघणारा कुठे आहे? नेमका कोणता क्षण? आणि काय दाखवायचे नाही? या मजकुरात प्रकाश चुलीतून, म्हणजे खालून येतो. त्यामुळे हनुवटी, नाकाच्या खालची बाजू आणि भुवयांखालची कड उजळते, कपाळ अंधारात जाते, आणि मागच्या भिंतीवर सावली माणसापेक्षा मोठी होऊन वर चढते. मुलांच्या चित्रांत चूल पेटलेली असते आणि चेहऱ्यावर उजेड मात्र वरून, सवयीने, पडलेला असतो. बघणाऱ्याच्या जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. बसलेल्या आजीच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिले तर तवा अरुंद लंबगोल दिसतो, भाकरी जवळजवळ दिसतच नाही, पण चेहरा पूर्ण मिळतो. उभ्याने वरून पाहिले तर तवा गोल दिसतो, भाकरी उघडी पडते आणि चेहरा झाकतो. दोन्ही हवे म्हणून चेहरा समोरून आणि तवा वरून काढला की तवा चुलीवरून घसरतोय असे वाटते. इथे निवड करावी लागते, आणि ती निवड म्हणजेच त्या मुलाचे वाचन. भाकरी निवडणाऱ्याने तिच्याकडे नीट बघितलेले असावे. वरून लावलेले पाणी वाळून जाते, पीठ कोरडे पडते, कडा उकलतात, आणि धूर एका कडेने निघतो. वेळेवर उलटलेली भाकरी अशी दिसत नाही. एवढी खूण बिनचूक आली तर चित्राला शीर्षकाची गरज राहत नाही.

यानंतर लहान रेखाटने, ज्यांना वर्गात थंबनेल म्हणतात. पाव इंपीरियल कागद 11 बाय 15 इंच, म्हणजे साधारण 28 बाय 38 सेंटिमीटर असतो. त्याच्यासाठी चौकटी 5.5 बाय 7.5 सेंटिमीटरच्या आखाव्यात, म्हणजे प्रमाण जुळते. चौकटी निदान आठ, प्रत्येकीला तीन-चार मिनिटे, 4बी पेन्सिल किंवा जाड स्केचपेन, खोडरबर नाही. पहिल्या तीन चौकटींत जे येते ते प्रत्येकाच्याच डोक्यात आधीपासून बसलेले असते. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत पक्की झालेली स्मरणचित्राची मांडणी बहुधा इथेच बाहेर पडते. ती पडू द्यावी आणि पुढे जावे. पाचव्या-सहाव्या चौकटीनंतर मूल जागा बदलून बघू लागते, एखादी वस्तू काढून टाकते, कडेला नेते. आठांतल्या दोन निवडून त्या फक्त तीन छटांत कराव्यात: कागदाचा पांढरा, एक करडा, एक काळा. हातभर अंतरावरून ते चित्र कळले नाही तर रंग लावूनही कळणार नाही. आमच्या उदाहरणात पांढऱ्याला फार तर पाव कागद मिळावा. अर्धा कागद उजळला की रात्र संपलीच.

मोठे करताना चौकट पद्धत वापरावी. लहान रेखाटनावर एक-एक सेंटिमीटरच्या रेघा, कागदावर पाच-पाच सेंटिमीटरच्या. चित्र 27.5 बाय 37.5 भरते आणि कडेला थोडी मोकळी पट्टी राहते. या रेघा एचबी पेन्सिलीने अगदी हलक्या ओढाव्यात; 4बीचे ग्राफाइट रंगात मिसळते आणि पिवळ्याचा मळकट हिरवा होतो. नजरेच्या अंदाजाने मोठे केले की माणूस हटकून मध्यभागी सरकतो आणि लहान होतो, कारण हात कडेला जायला कचरतो.

कागदाची तक्रार दरवर्षी तीच. आयोजक 130-150 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज कागद देतात आणि मुले जलरंगाचे ओले वॉश, म्हणजे भरपूर पाण्याचे पातळ थर, लावतात. कागद फुगतो, खळग्यांत पाणी साचते, वाळल्यावर कडांवर गडद डाग राहतात. जलरंग चालणार असतील तर 300 जीएसएमचा कागद द्यावा. ते परवडत नसेल तर चारही कडा गमटेपने लाकडी पॅडवर चिकटवून घ्याव्यात आणि चित्र पूर्ण वाळल्याशिवाय टेप काढू देऊ नये. किंवा पत्रकात सरळ पोस्टर कलर म्हणून लिहावे. पोस्टर कलर दाट ताकाइतका पातळ असावा. त्याहून घट्ट थर वाळून तडकतो, त्याहून पातळ लावला की कुंचल्याचे पट्टे दिसतात. हा रंग वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो, म्हणून खालच्या थरावर ओला कुंचला घासत बसले की खालचा रंग वर येऊन चिखल होतो. वरचा थर एकाच फटक्यात लावून हात उचलायचा. शिवाय वाळल्यावर गडद छटा थोड्या फिकट होतात आणि फिकट छटा थोड्या गडद, तेव्हा चित्राची छटा ओल्यावर ठरवू नये. कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून बघावी.

रात्रीसाठी बाटलीतला काळा रंग सरसकट वापरला की भिंत, साडी आणि अंधार एकच होऊन बसतात. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून केलेला काळा निळसर किंवा तपकिरी, हवा तिकडे झुकवता येतो: चुलीजवळ तपकिरी, दाराकडे निळा. फक्त तव्याच्या खालचा अंधार बाटलीतला काळा ठेवावा.

आता चित्रावर कविता लिहिण्याच्या कलमाकडे. ते काढून टाकावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. एक तर सोळा-वीस ओळी लिहायच्या म्हणून चित्राचा तिसरा हिस्सा आधीच रिकामा ठेवावा लागतो, आणि चित्र उरलेल्या जागेत कोंबले जाते. दुसरे, घाईत ओळी तुटतात. कवीने जिथे ओळ मोडली तिथेच ती मोडायला हवी. जागा संपली म्हणून अर्धा शब्द खाली घेतला की लय गेली. तिसरे, बघणारा आधी मजकूर वाचतो आणि मग चित्रात त्याची हजेरी घेतो: चंद्र आला का, आला, एसटी आली का, आली. चित्र बघणे तिथेच संपते.

कविता वेगळ्या कार्डावर, चित्राच्या उजवीकडे हातभर अंतरावर लावावी. कार्ड ए-फोर आकाराचे, अक्षर 18 ते 20 पॉइंट, आणि दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्याने इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की त्या एकमेकींत घुसतात. कार्ड किंवा फ्लेक्स छापायला देताना मजकूर युनिकोडमध्ये द्यावा, आणि छापण्याआधी ‘खऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शब्द मुद्दाम तपासावेत. फाँट बदलताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, आणि मराठीच्या दिवशीच भिंतीवर चुकीचे मराठी लागते. चित्रे लावताना त्यांचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर यावा. प्राथमिक शाळेत तो 120 पर्यंत खाली आणावा.

काही शाळा आता कागद सोडून भिंतीकडे वळल्या आहेत. या जिल्ह्यात त्याला मागची साखळीही आहे: मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे, आणि 4 मे 2017 रोजी सुरू झालेल्या भिलारच्या पुस्तकांच्या गावात घराघरांच्या भिंतींवर त्या त्या घरात ठेवलेल्या पुस्तकांच्या साहित्यप्रकारावरून रंगवलेली चित्रे. पण शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर डिस्टेंपर लावला तर तो एका पावसात उतरतो, आणि जावळी-महाबळेश्वरकडचा पाऊस तर विचारायलाच नको. नव्या प्लास्टरला किमान 28 दिवस द्यावेत, नाहीतर सिमेंटचा क्षार रंग खातो. जुनी भिंत तारेच्या ब्रशने खरवडून, धुऊन, पूर्ण वाळवून मग बाहेरच्या कामाचा प्रायमर आणि त्यावर अॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्यावेत. जमिनीलगतच्या फूटभर पट्टीत ओल चढते, तिथे चित्राचा महत्त्वाचा भाग आणू नये. ओळ भिंतीवर लिहायचीच असेल तर एकच निवडावी, पूर्ण कविता नव्हे.

मजकुरावरून चित्र म्हणजे काय, हे मुलांना दाखवायला मुंबईला जायची गरज नाही. औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. ते 1938 मध्ये उभारणारे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, आणि रामायणावर त्यांनी स्वतः काढलेली चित्रमालिका 1916 मध्ये पुस्तकरूपाने आली. संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. मुलांना तिथे नेताना आदल्या दिवशी वर्गात एखादी पौराणिक कथा वाचून दाखवावी, आणि चित्रापुढे उभे करून एकच विचारावे: कथेतला कोणता क्षण चित्रकाराने घेतला आणि कोणता सोडला? वीस चित्रे दाखवण्यापेक्षा दोन चित्रांपुढे पंधरा-पंधरा मिनिटे थांबणे बरे. त्याच औंध संस्थानातल्या, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीहून 1920 पासून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर हेही चित्रकार. लेखन आणि चित्र एकाच टेबलावर ठेवणारी माणसे आपल्याच भागात होऊन गेली आहेत.

परीक्षकांनाही एक पद्धत सुचवतो. आधी मजकूर बाजूला ठेवून प्रत्येक चित्राकडे मिनिटभर बघावे आणि काय वाटले ते दोन शब्दांत लिहावे. मग मजकूर वाचावा, मग पुन्हा चित्र. वाचल्यावर चित्रात नवे काही दिसले आणि चित्र बघून मजकुरात नवे काही सापडले, तर ते चित्र वर घ्यावे, हात थोडा कच्चा असला तरी. शंभर गुणांपैकी तीस लहान रेखाटनांना आणि त्याखाली लिहिलेल्या चार उत्तरांना द्यावेत, तीस क्षणाच्या आणि जागेच्या निवडीला, उरलेले चाळीस छटा, रंग आणि हाताळणीला. रेखाटनांचे कागद चित्राच्या मागे जोडायला लावले की दुसऱ्याच्या चित्राची नक्कल आणि यंत्राला ओळी घालून काढून आणलेले चित्र, दोन्ही आपोआप उघडी पडतात. मजकूर आठ दिवस आधी द्यावा. जागेवरच द्यायचा असेल तर वेळ चार तास करावा, आणि पहिला तास टेबलावर रंग येऊच देऊ नये.

मजकूर निवडताना हक्कांकडे कोणी बघत नाही. भारतात कायद्याचे संरक्षण लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे असते. आपल्या जिल्ह्यातल्या मर्ढे गावचे बा. सी. मर्ढेकर 1956 मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता 1 जानेवारी 2017 पासून कोणालाही छापता येतात. माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये गेले. त्यांच्या ओळी फलकावर, पुस्तिकेत वा कॅलेंडरवर छापायच्या तर 2037 अखेरपर्यंत वारसांची किंवा प्रकाशकांची परवानगी लागेल. लेखन मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झाले असेल तर 60 वर्षे प्रकाशनापासून मोजतात. हक्क संपले तरी कवीचे नाव लिहायचेच.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. रविवारच्या पुरवण्यांत कथेसोबत चित्र असते, ते आम्ही आवडीने बघतो. सर्वच वृत्तपत्रांत घाईमुळे असे होते की चित्रकाराला कथा मिळत नाही, शीर्षक आणि दोन ओळींचा सारांश फोनवर मिळतो. मग चित्र शीर्षकाचे होते. पूर्ण कथा आणि निदान दोन दिवस मिळाले तर फरक लगेच दिसेल. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, म्हणून करड्या छटा भरून येतात आणि अर्ध्या पॉइंटपेक्षा बारीक रेघा तुटतात. चित्रकाराला छापील रुंदी आधी कळली तर तो दीडपट मोठे काढून रेघेची जाडी त्या हिशेबाने ठेवतो. काळ्या रेघेचे चित्र 600 डीपीआयच्या (इंचाला 600 ठिपक्यांच्या) खाली स्कॅन करू नये. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेल्या चित्रात कागदाचा पांढरा करडा होतो आणि तो छापून येतो. चित्राखाली चित्रकाराचे नाव असावे, कथाकाराच्या नावाइतकेच ठळक.

शेवटी, पत्रकांतले आणखी एक कलम: ‘चित्रे परत मिळणार नाहीत व सर्व हक्क आयोजकांचे राहतील.’ एवढ्या एका ओळीने हक्क जात नाहीत. कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो, त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे धरतात. मूल अल्पवयीन असेल तर सही पालकाची हवी. आयोजकांना कॅलेंडर किंवा पुस्तिका काढायची असेल तर त्यांनी चित्र स्कॅन करून घ्यावे, वापर आणि मुदत लिहून पालकांची सही घ्यावी, आणि मूळ चित्र, मागे जोडलेल्या आठ रेखाटनांसकट, महिनाभरात मुलाला परत द्यावे. चित्र दुमडू नये. रोल करायचे तर पोस्टर कलरचे चित्र रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावे. आत ठेवून घट्ट गुंडाळले की थर दबून तडकतो.

आपले,
शालेय व हौशी चित्रप्रदर्शनांच्या परीक्षणाचे काम करणारे काही चित्रकार व कलाशिक्षक,
सातारा